चेहऱ्यावर न उमटणारं

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना हाताची थरथर आठवते. चेहऱ्याबद्दल कुणी सांगत नाही. या आजारात चेहऱ्याचे स्नायू हळूहळू हलेनासे होतात, पापण्या कमी लवतात, ओठांचे कोपरे आहेत तिथेच राहतात. मनात हसू आलेलं असतं आणि समोरच्याला दिसतं ते कोरं, काहीसं नाराज तोंड.

जळगावात आमच्या शेजारी एक सून आहे. गेल्या थंडीत ती भरीत आणि कळण्याची भाकरी घेऊन आली. वांगी बामणोदची, काड्यांवर भाजलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. भाकरी अजून कढत होती. ज्या बाईला आपल्या घरची चार माणसं सांभाळून दुसऱ्या घरच्या म्हातारीची आठवण होते, तिच्याबद्दल मला काय वाटलं असेल! मी डबा घेतला, "ठेव गं" म्हटलं. तेही तिला नीट ऐकू गेलं नसावं, कारण आवाजही आता आतच राहतो. पुढे तिच्या सासूकडून कळलं, पोरगी हिरमुसली होती. काकूंना भरीत आवडलं नाही, तिखट झालं असेल, असं तिनं धरलं.

आजारपणात माणसानं कृतज्ञ कसं राहावं, यावर मी बरंच वाचलं आहे. माझी अडचण त्याच्या पुढची आहे. कृतज्ञता मनात काठोकाठ आहे, पण ती ज्या वाटांनी बाहेर पडते त्या वाटाच आजारानं अडवल्या आहेत. हसू गेलं, आवाज गेला, अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. मग ती पोचवायची कशी?

मेंदूच्या तळाशी काळपट रंगाचा एक लहानसा भाग असतो. तिथल्या पेशी डोपामीन नावाचं रसायन तयार करतात, आणि शरीराच्या ज्या हालचाली आपण मुद्दाम करत नाही, आपोआप होतात, त्यांचा बराच कारभार या रसायनावर चालतो. चालताना हात हलणं, बोलताना आवाजाची चढउतार, ओळखीचं माणूस दिसताच चेहरा उजळणं. हाताला पहिली थरथर जाणवते तोवर या पेशींपैकी निम्म्याहून अधिक कामातून गेलेल्या असतात, असं डॉक्टर मानतात. काहींचा वास त्याच्याही कितीतरी आधी जातो. माझा गेला होता. शेतात भरीत पार्टी असायची, वांग्यांची सालं करपायची, सगळे म्हणायचे काय वास सुटलाय, आणि मला वाटायचं सर्दी झाली असेल.

मी शाळेत मराठी शिकवलं. आमच्या शाळेत एक शिपाईमामा होते. घंटा वेळेवर होत होती, फळा पुसलेला असायचा, माठ भरलेला असायचा, तोवर मामा कुणाला दिसले नाहीत. ते निवृत्त झाले आणि पहिल्याच सोमवारी शाळा अडखळली. माझ्या शरीराचं तसंच झालं. साठ वर्षं कुणीतरी आत राहून माझ्यासाठी पापणी लववत होतं, पाऊल उचलत होतं, हसू पाठवत होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आता ब्लाऊजचं एक हूक लावायचं तर बोटांना एकेक सूचना द्यावी लागते. त्या अदृश्य कामाची थोरवी कळली ती अशी.

पण म्हणून मी आजाराचे आभार मानणार नाही. हे इथेच सांगून टाकते, कारण भेटायला येणारी भली माणसं हमखास म्हणतात की देव परीक्षा घेतो, आजार माणसाला शिकवतो. त्यांचा हेतू चांगला असतो. तरी आजारानं मला काही दिलेलं नाही. जे मिळालं ते माणसांनी दिलं, आणि त्यातली बरीचशी माणसं मला कधी भेटलीही नाहीत. त्यांची नावं घेता आली तर घ्यावीत असं मला वाटतं.

पहिलं नाव जेम्स पार्किन्सनचं. लंडनचा हा डॉक्टर. १८१७ साली त्यानं या कंपवातावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात रुग्ण अवघे सहा. त्यातल्या काहींना त्यानं दवाखान्यात तपासलंही नव्हतं, रस्त्यानं जाताना पाहिलं, थांबवून चौकशी केली. शेकडो वर्षं कितीतरी लोक अशा वाकलेल्या, तुरुतुरु चालणाऱ्या म्हाताऱ्यांकडे बघत होते आणि वय झालं म्हणून पुढे जात होते. हा एक माणूस थांबला. त्याचा जन्मदिवस ११ एप्रिल, आणि तोच आता जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. महात्मा फुल्यांची जयंतीही ११ एप्रिलचीच. फुल्यांनी शाळेचं दार उघडलं म्हणून माझ्यासारखी बाई शिक्षिका झाली, आणि निवृत्तीनंतर जे दुखणं आलं ते ओळखणारा माणूस त्याच तारखेला जन्मलेला. त्या दिवशी मी दोघांच्याही नावानं दिवा लावते. योगायोगात अर्थ शोधू नये हे मला कळतं, पण दिवा लावायला निमित्त पुरतं.

दुसरी गोष्ट औषधाची. ती मला इतकी आवडते की घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन नावाचं औषध दिलं. ससे जागच्या जागी थिजले, कान पाडून बसून राहिले. मग त्यांना लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामीन तयार होतं ते द्रव्य, टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. डोपामीनचं मेंदूतलं काम त्यातून उलगडत गेलं. २००० साली कार्लसन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आता यातलं रेसरपिन येतं सर्पगंधेपासून, आपल्या वैद्यांच्या जुन्या ओळखीच्या वनस्पतीपासून. आणि लेव्होडोपा? ते खाजकुइलीच्या बियांत असतं. लहानपणी ज्या शेंगेच्या कुसाला नुसतं अंग लागलं तरी आम्ही खाजवून हैराण व्हायचो, तीच ही. तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं केल्याचं दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी १९३७ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. आयुर्वेदात कंपवातावर ही बी पूर्वीपासून सांगितलेली आहे. (हे वाचून कुणी बिया आणून कुटून खाऊ नयेत. मात्रा चुकली तर त्रास होतो, आणि चालू गोळ्यांबरोबर तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.)

१९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा अगदी थोडीथोडी वाढवत नेली आणि खुर्चीला खिळलेले रुग्ण चालू लागले. आज ती गोळी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळते. सकाळची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं शरीर सैल होतं, तेव्हा मला स्वीडनचे ससे आठवतात. गोळीची वेळ मात्र पाळावी लागते. डाळीतली, दुधातली प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात, म्हणून ती जेवणाच्या बरीच आधी घ्यायची. फौजदारी डाळीशिवाय ज्यांचं पान हलत नाही अशा आमच्या घरात जेवणाच्या वेळा माझ्या गोळ्यांभोवती फिरल्या. नातवंडांनी कुरकुर केली नाही. आजीची गोळी झाली का, हे विचारूनच ती पाटावर बसतात.

अक्षराचं दुःख मला सगळ्यात जास्त झालं. माझं माहेर धुळ्याचं. शाळेत असताना गुरुजी आम्हांला समर्थ वाग्देवता मंदिरात घेऊन गेले होते. शंकरराव देवांनी खेड्यापाड्यांतून, मठामठांतून गोळा केलेली रामदासी हस्तलिखितं तिथे आहेत. बोरूनं लिहिलेली ती काळीभोर, एका मापाची अक्षरं पाहून मी घरी येऊन पाटीभर अक्षरं घोटली होती. धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरून घेत होते. गुरुजींचा हात इतका भरभर चालला म्हणून ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात आहे. बोलणाऱ्याबद्दल सगळेच बोलतात, मला मात्र त्या लिहिणाऱ्या हाताबद्दल फार वाटतं. अमळनेरच्या शाळेत मुलांच्या वह्या तपासलेला हात तो.

आम्हां शिक्षकांचं आभार मानायचं साधन म्हणजे पत्र. कुणी काही केलं की मी पोस्टकार्ड टाकायची. पार्किन्सन्समध्ये पहिली ओळ बरी येते, दुसरीत अक्षर आक्रसतं, तिसरीत ते वाचताच येत नाही. पोस्टकार्डं कपाटात पडून राहिली. मग नातीची दुरेघी वही हाताला लागली. दोन रेघांच्या मध्ये लिहायला घेतलं तर अक्षर पुन्हा मोठं झालं! याचं कारणही नंतर समजलं. आतून येणारी सूचना तुटली असली तरी बाहेरून दिसणारी खूण मेंदू दुसऱ्या वाटेनं वापरतो. चालताना उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात, तिथेही हीच युक्ती. मुलानं बैठकीच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. पाहुणे विचारतात, ही कसली रांगोळी? मी सांगते, मुलानं आईसाठी काढली आहे.

खान्देशात घरच्या माणसाला कुणी आभारी आहे म्हणत नाही. म्हटलं तर ऐकून घ्यावं लागतं, "मी काय परका शे का?" आमची सगळी देवाणघेवाण नजरेवर चालते. चहा पुढे आला की एक नजर, पंगतीत वाढणाऱ्याकडे एक नजर, दारातून निघालेल्या लेकीकडे एक नजर. त्या नजरेत सगळं असतं, म्हणून शब्दांची गरज पडली नाही. लग्नानंतर चाळीसेक वर्षं ह्यांनी माझा चेहरा वाचला. भाजीत मीठ जास्त झालं, सासूबाईंचं बोलणं लागलं, शाळेत कुणी पोरगा पहिला आला, मी तोंड उघडायच्या आत ह्यांना कळायचं. तो चेहराच मिटला. हे सकाळी चहा करून आणत, मी पीत असे, आणि हे समोर बसून विचारत, "बरं नाही का वाटत?" दिवसातून कितीदा तरी तेच. मला बरं वाटत असायचं. चांगलं वाटत असायचं. ह्यांचा हात चहासाठी उठला या एका गोष्टीनं माझी सकाळ भरलेली असायची, आणि ह्यांना समोर दिसत होती नाराजी.

ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांच्यासाठी हे मी मुद्दाम लांबवून लिहिते आहे. सांभाळणाऱ्याचं काम तसंच अवघड. साडीच्या निऱ्या घालायला हे सत्तरीत शिकले. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, निऱ्या मोजून, चापून घालतो, पदर खांद्यावर आणून पिन लावतो. रात्री मला कूस बदलता येत नाही, तर उठतो. दिवसभर इतकं करणाऱ्याला समोरच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नसेल, तर तो आतून किती वाळत जात असेल? रुग्णाच्या दुःखाची चौकशी सगळे करतात. सांभाळणाऱ्याला रोज न मिळणाऱ्या त्या एका हसऱ्या नजरेचा हिशेब कुणी करत नाही.

आवाजासाठी व्यायाम सुरू झाले तेव्हा मला एक गोष्ट कळली. मोठ्यानं बोलायला शिकवणारी जी पद्धत आज जगभर वापरतात, तिला ली सिल्व्हरमन या अमेरिकन बाईंचं नाव आहे. त्यांना पार्किन्सन्स होता, आणि घरच्यांची एवढीच इच्छा होती की त्यांचं बोलणं आपल्याला ऐकू यावं, समजावं. पद्धत साधी आहे. रोज मोठा आवाज लावायचा, आणि आपल्याला ओरडल्यासारखं वाटेल इतक्या जोरानं बोलायचं. दुसऱ्याला ते सर्वसाधारण ऐकू येतं. शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं, रोज लागणारी काही वाक्यं निवडा आणि ती रोज मोठ्यानं म्हणा. मी पाणी द्या, दार लावा अशी वाक्यं निवडली नाहीत. मी निवडलं, "चहा फार छान झाला." "तुम्ही आहात म्हणून मला भीती वाटत नाही." आयुष्यात कधीही उच्चारली नव्हती अशी वाक्यं, आणि तीही शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात. पहिल्या दिवशी ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

शेजारच्या सुनेलाही मी बोलावून सांगितलं. भरीत अमृतासारखं झालं होतं, आणि माझ्या चेहऱ्यावर जाऊ नको, तो आता माझं ऐकत नाही. ती रडायलाच लागली. तिच्या घरी, सासरी, माहेरी, तिच्या हाताला चव आहे असं तिला कुणी शब्दांत सांगितलंच नव्हतं.

उदासीबद्दल एक सांगायला हवं. डोपामीनचा आनंदाशीही संबंध आहे, आणि या आजारात येणारं नैराश्य हा मेंदूतल्या बदलांचाच भाग असू शकतो. माझेही काही महिने असे गेले की कुणाबद्दल काहीच वाटत नव्हतं. त्यावर औषध आहे, मी घेतलं आणि फरक पडला. ज्याला कृतज्ञ वाटत नाही त्याला कुणी उपदेश करू नये, डॉक्टरांकडे न्यावं.

आणि कृतज्ञतेनं रागही झाकून टाकू नये. मेंदूविकाराचा डॉक्टर गाठायला आमच्याकडच्या अनेक गावांतल्या माणसाला आजही नाशिक, संभाजीनगर नाहीतर मुंबई करावी लागते. मजुरीवर जगणाऱ्या बाईचा हात थरथरला तर वय झालं म्हणतात आणि विषय संपतो. आमच्या या कपाशीच्या आणि केळीच्या मुलखात फवारणी उघड्या अंगानं होते. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा पार्किन्सन्सशी संबंध असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. युरोपीय संघात २००७ पासून ते बंद आहे, आपल्याकडे वापरात आहे. मला वेळेवर गोळी मिळते याचा आनंद मानताना ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याची आठवण ठेवली नाही, तर माझ्या आनंदाला काय किंमत?

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. आमच्यासारखी माणसं आणि त्यांचे घरचे तिथे एकत्र जमतात. पुण्यातच ऋषिकेश पवार हे नर्तक पार्किन्सन्सच्या लोकांना नाच शिकवतात. जे पाय साध्या चालीत अडतात ते तालावर सुटतात, हे मी ऐकून होते. त्याची प्रचीती मला आमच्या खान्देशातच आली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला निघते. धुळ्याला माहेरी गेले होते. मला ओट्यावर खुर्ची दिली होती. वाजंत्री दारासमोर आली, आणि वहिनी म्हणाली, "उठ ना माय, एक डाव नाच." ह्यांनी एक हात धरला, वहिनीनं दुसरा. ढोलाच्या ठोक्यावर पाऊल पडलं, पुढचं पडलं, आणि गल्लीच्या टोकापर्यंत मी एकदाही अडकले नाही. कानबाईला काही बोलून दाखवावं लागत नाही. तिच्यापुढे नाचलं की पोचतं.

परवा जळगावहून धुळ्याला जाताना एरंडोलला मुद्दाम उतरले. ओळखीच्यांच्या नात्यातल्या एका आजींना हा आजार झाल्याचं कळलं होतं. सून दारातच म्हणाली, "काकू, जीव तोडून करते, पण आमच्या आत्याबाईंच्या तोंडावर कधी हसू नाही." आजी खाटेवर बसून होत्या, पापणी न लववता माझ्याकडे बघत. मी सुनेला सगळं समजावून सांगितलं, चेहऱ्याचं, आवाजाचं, गोळीचं. जेवणाबरोबर गोळी देत होते, ती अर्धा तास आधी द्यायला सांगितली, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना काय काय विचारायचं ते तिच्या मुलीच्या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. मग आजींच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आजी, ही पोरगी तुमचं इतकं करते, तिला काय सांगायचं शे का?" त्यांचे ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही.

"अजून मोठ्यानं," मी म्हटलं. "स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल एवढं."

त्यांनी श्वास भरून घेतला.